निवासी शिबिराला मूल पाठवताय? आधी रात्रीचं विचारा

माहितीपत्रकात होड्या होत्या, दोराला लटकून खिदळणारी पोरं होती, शेकोटी होती. आणि खाली ठळक अक्षरांत '२४ तास देखरेख'. ते वाचून आम्ही पैसे भरले. प्रत्यक्षात दिवे मालवल्यानंतरची देखरेख म्हणजे मैदानापलीकडच्या इमारतीत दार लावून झोपलेल्या दोन ताई. तंबूत फक्त मुली. हे कळलं कधी, तर लेकीला आणायला गेलो तेव्हा. आज अंग आंबलंय, गाडीतली धूळ अजून केसांत आहे, त्यामुळे थोडं तिखट लिहिलं जाईल. असू दे.

टॉर्च, रेनकोट, जास्तीचे मोजे हे सांगत बसत नाही, ते कुणीही भरून देतं. मूल दोन-चार किलोमीटर चालू शकतं हेही धरून चालते. (नवे कोरे बूट मात्र देऊ नका. आधी महिनाभर घालून फिरू दे.) होड्या, तिरंदाजी, निखाऱ्यावर काहीतरी भाजणं, सगळं छान झालं म्हणे. पुढे.

खरी गोची तंबू ते स्वच्छतागृह या वाटेत होती. मी स्वतः चालून पाहिली. आधी घसरडा उतार, मग पाण्याची चारी आणि तिच्यावर टाकलेली डुगडुगणारी फळी, शेवटी एक खांब, त्यावरचा दिवा गेलेला. दिवसा काहीच नाही, उड्या मारत जाल. रात्री नऊ वर्षांच्या मुलीनं तिथून एकटीनं जावं ही अपेक्षा. ताईंना उठवायचं तर तेच मैदान ओलांडायचं. लेकीनं तिच्या डोक्यानं तोड काढली: दुपारनंतर पाणीच प्यायचं नाही. बाटली ओठाला लावायची आणि तशीच खाली ठेवायची. उन्हातान्हात दिवसभर पळापळ आणि पोटात पाणी नाही, मग डोकं ठणकायला लागलं, पोट साफ होईना, चिडचिड सुरू झाली. आणि शिबिरानं आम्हाला काय कळवलं? 'तिला घरची आठवण येते आहे, काळजी नसावी.'

पाठवणाऱ्यांनी हे नीट लक्षात ठेवा. शिबिरात मुलाचं काहीही दुखलं-खुपलं की त्यावर घरच्या आठवणीचा शिक्का बसतो. असा निरोप आला की नुसतं 'बरं' म्हणू नका. आज पाणी किती प्यायली, लघवीला कितीदा गेली, पोट साफ झालं का, झोप लागली का, एवढं विचाराच. उत्तर देता आलं नाही तर तिकडे कुणाचं लक्ष नाही, असं खुशाल समजा.

घरची आठवण मात्र खरी असते आणि ती बहुतेक सगळ्यांनाच थोडीफार येते. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००७ मध्ये यावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. त्यातलं मला पटलेलं एक: 'नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन' असं वचन देऊन पाठवू नका. मूल पहिल्या रात्रीपासून त्या वचनाकडेच डोळे लावून बसतं, आणि तुझ्याच्यानं हे जमणार नाही असं आपणच त्याला सुचवलेलं असतं. त्यापेक्षा आधी नातेवाइकांकडे, मैत्रिणीकडे आपल्याशिवाय एक-दोन रात्री राहू द्या. शिबिर फोन काढून घेतं ते योग्यच, त्यावर वाद घालू नका. सोडायला गेलात की अंथरूण लावून द्या आणि निघा. आमच्या शेजारच्या तंबूबाहेर एक बाबा तासभर रेंगाळत होते. त्यांचं पोरगं शेवटी त्यांच्या पायाला मिठी मारून बसलं.

आता पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न. मुलांमागे मोठी माणसं किती, हे सगळेच सांगतात. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी शिबिरांसाठीचं प्रमाण ६ ते ८ वयाच्या सहा मुलांमागे एक आणि ९ ते १४ वयाच्या आठ मुलांमागे एक असं आहे. पण तुम्ही रात्री दोन वाजताचा आकडा विचारा. कोण कुठे झोपतं? हाकेच्या अंतरावर कोण? शौचालयाला जाताना सोबत कोण? आणि मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबायचं नाही असा नियम आहे का? शेवटच्या प्रश्नावर समोरचा दुखावल्यासारखं करू लागला तर ते शिबिर बाद. दुमजली पलंग असेल तर वरच्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, आणि सहा वर्षांखालचं मूल वर नको.

अंथरूण ओलं होण्याबद्दल लाजून गप्प बसू नका. सातव्या वर्षीही साधारण ५ ते १० टक्के मुलांना हा त्रास असतो. शिबिरापुरती डॉक्टर कधी कधी डेस्मोप्रेसिनची, म्हणजे रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून असलेली, गोळी देतात. ती आधी घरी घेऊन पाहिलेली असावी. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी मोजकं प्यायचं असतं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. आणि शेकोटीनंतर 'पाणी प्या, पाणी प्या' म्हणत बाटल्या फिरवणारी तीच शिबिरं असतात! म्हणून हे ताईंना लेखी द्या, तोंडी नको. बाकी औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसकट. दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन मात्र कार्यालयाच्या कपाटात कुलूपबंद ठेवू देऊ नका. ते मुलाजवळ किंवा त्याच्यासोबत फिरणाऱ्या मोठ्या माणसाजवळच हवं.

पाण्यातले खेळ असतील तर काठावरच्या जीवरक्षकाकडे दुसरं काही काम आहे का ते विचारा. तोच फोटो काढणार असेल तर पोहायला परवानगी देऊ नका. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही.

घरी आल्यावर कपडे थेट धुवायला, डोक्यात उवा पाहा, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे गोचीड पाहा. प्रश्नांचा भडिमार दुसऱ्या दिवशी.

आणि हो, 'सर्व खर्च समाविष्ट' यावर विश्वास ठेवू नका. निघताना आमच्या हातात फोटोंचे, टी-शर्टचे आणि 'विशेष साहसी खेळा'चे वेगळे बिल आले. तो विशेष खेळ म्हणजे माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावरचाच दोर. अनामत तर अजून अडकलीय. तंबूची चेन तुटली म्हणतात, जी पहिल्या दिवशीच लागत नव्हती. तुम्ही सामान लावतानाच तंबूचे फोटो काढा, आणि निघताना अनामत हातात पडल्याशिवाय गाडी सुरू करू नका. फाटकाबाहेर पडलात की फोन कुणी उचलत नाही.