तुम्ही विचारलंत म्हणून: मला स्वतःचं मत नाहीये का?

"समोरचा एवढं विरुद्ध बोलतो आणि तुम्ही नुसतं ऐकून घेता, तुम्हाला स्वतःचं मत आहे की नाही?" इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच लिहून टाकते.

मतं आहेत, चांगली ठाम आहेत. पण आधी ऐकायचं हे मी एका चुकीतून शिकले. आमच्या टीममध्ये दुसऱ्या देशातून आलेला एक मुलगा होता, बोलताना कधी नजरेला नजर द्यायचा नाही, सारखा टेबलाकडे बघायचा, आणि मी मनात धरूनच बसले की हा काहीतरी लपवतोय, एकीला तसं बोलूनही दाखवलं. दोनेक महिन्यांनी विषय निघाला तेव्हा म्हणाला, आमच्याकडे मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं उद्धटपणाचं समजतात. म्हणजे तो मला मान देत होता आणि मी त्याच्यावर संशय घेत होते! अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतलीये. समोरच्याचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत त्याला सांगायचं, आणि तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणेपर्यंत आपला मुद्दा काढायचा नाही. जाम अवघड आहे, करून बघा. कितीदा तरी तो "नाही नाही, असं नाही" म्हणतो आणि कळतं की मी भलत्याशीच भांडायला निघाले होते.

अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच दगडावर कोरून ठेवलंय. त्याच्या १२व्या शिलालेखात 'वचगुती' असा शब्द आहे, म्हणजे जिभेवर ताबा. आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याच्या पंथाला नावं ठेवतो तो आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, एकमेकांचं ऐका, असं तो सांगतो. आणि हा स्वतः बौद्ध झालेला राजा, बरं का.

मग काहीही ऐकून घ्यायचं? नाही. माणसांना माणूसच न मानणारं बोलणं मी तिथल्या तिथे थांबवते. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने १९४५ मध्ये लिहिलं होतं की सहिष्णुतेला काही मर्यादाच ठेवली नाही तर ती स्वतःच संपते. पण जोवर मुद्द्याला मुद्द्याने उत्तर देता येतंय तोवर तोंड दाबणं शहाणपणाचं नाही, हेही त्यानेच म्हटलंय, ते मात्र लोक सोयीने विसरतात.

माझी एक जवळची मैत्रीण आहे, ती रोज प्रार्थना करते, मी देव मानत नाही, यावर आमचे तासन् तास वाद झालेत. आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा तिने फोन करून विचारलं, "तुझ्या आईसाठी प्रार्थना केली तर चालेल ना गं?" तिने विचारलं, हेच मला फार मोठं वाटलं. मी म्हटलं, कर.

देवावरून आमचं अजूनही जमत नाही.