दहा सुया

सकाळचा चहा झाला की माझं पहिलं काम दहा सुया ओवायचं. दहाही एकाच रिळावर. दोऱ्याचं टोक एकेका सुईतून काढत जायचं, की माळेत मणी असावेत तशा सुया दोऱ्यात ओळीनं येऊन बसतात. मग दिवसभर आई टोकाची एक सुई धरते, बाकीच्या नऊ रिळाकडे सरकवते, दीड हात दोरा घेते आणि तोडते. ती ८४ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत. टाका बिनचूक पडतो, फक्त सुईचं नेढं काही तिला सापडत नाही. तेवढ्यापुरती माझी गरज. बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी कुणाला इतकी नियमित गरज लागलेली नाही.

ती दुपटी शिवते. सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या तान्ह्यांसाठी, जुन्या सुती लुगड्यांची. सुरुवात तिच्याच ट्रंकेतून झाली. गुडघे दुखायला लागल्यावर ती गाऊनवर आली आणि ट्रंकेतल्या नऊवाऱ्या नुसत्या घड्या होऊन पडल्या. एका नऊवारीत तीन थरांची दोन दुपटी निघतात आणि वर थोडं कापड उरतं. पंधरा-सोळा लुगडी संपल्यावर मला वाटलं, आता थांबेल. तिनं सोसायटीत निरोप धाडला.

मग घरात गाठोडी यायला लागली आणि मला माणसं नव्यानं कळली. जॉर्जेट, शिफॉन, टिकल्या लावलेल्या साड्या, एकीनं तर पडदे दिले. आईची परीक्षा साधी. कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. जिरला तर ठेवायचं, मोत्यासारखा वर बसून राहिला तर परत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची साडी तिनं अशीच त्यांच्या देखत नापास केली. काकू म्हणाल्या, "अहो, तीन हजारांची आहे." आई म्हणाली, "असेल हो. पण बाळ मुतलं की ही काय करणार, बघत बसणार?" काकू अजून माझ्याशी तुटक बोलतात. आईशी नाही, माझ्याशीच.

शिवताना तिच्याजवळ बसलं की बोलायचं नसतं. तीन थर सतरंजीवर पसरून ती तळहातानं मधून कडेकडे सुरकुती ढकलत नेते, पोळपाटावरची पोळी सारखी करावी तशी. काठातली जर आधीच कापून टाकलेली असते. मग कडेनं धावदोरा, आणि चौकोनाच्या आत चौकोन करत मध्यापर्यंत. टाके तांदळाच्या दाण्याएवढे. गाठ मारली की दोरा किंचित ओढून ती गाठ आतल्या थरात लपवते. वर राहिली तर पाठीला टोचते म्हणे. ज्याची पाठ अजून जगात आलेली नाही, त्याच्या पाठीचा इतका विचार! आमच्या लहानपणी आमच्या पाठीशी तिचं वागणं याच्या अगदी उलट होतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

एकदा कौतुक करायच्या भरात मी तिला अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगितली. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी संस्था काढली. पुण्यात घरोघरी पायी फिरून वर्गणी गोळा केली. स्वतःच्या ७० रुपये पेन्शनमधले महिन्याला १५ रुपये शाळेला दिले. मला वाटलं, आई भारावेल. तिनं सुई डोक्याच्या केसांतून फिरवली आणि म्हणाली, "म्हणजे घर बायकोनं चालवलं असणार." अण्णासाहेबांच्या पत्नी बाया कर्व्यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलंय, त्यांना आईचा नेम किती अचूक होता ते कळेल. तिनं ते वाचलेलं नाही.

तिच्यासमोर 'दान' म्हटलेलं तिला खपत नाही. "मला करमत नाही म्हणून शिवते," एवढंच सांगते. मलाही आता तेच खरं वाटतं. दुपारी जेवताना तिचा एक डोळा अर्धवट टाक्यावर असतो. पत्त्यांच्या डावातून उठवलेल्या माणसासारखी ती जेवणावरून उठते. तान्ह्यांना मिळतं ते या हावरेपणातून उरलेलं.

महिनाअखेरीला आम्ही स्कूटरवरून दवाखान्यात जातो. पंचवीसेक दुपटी, उन्हात वाळवून, चौघडी घालून. एकदा एका नव्या सिस्टरनं आजींचा बाळासोबत फोटो काढायचा घाट घातला. आई म्हणाली, "नको, दुपट्याची उलटी बाजू दिसतीय." दुसऱ्या एका वेळी व्हरांड्यात तिचंच दुपटं कुणीतरी जेवणाच्या डब्याभोवती गुंडाळलेलं दिसलं. मी चिडलो. तिनं वाकून डब्याला हात लावला. "गरम राहिलाय," म्हणाली आणि समाधानानं पुढे गेली.

परवा रात्री ती लवकर झोपली. अर्धं दुपटं सतरंजीवर तसंच होतं. काय मनात आलं कोण जाणे, मी बसलो आणि एक अख्खी बाजू शिवली. चाळीस मिनिटं लागली, दोनदा बोटाला टोचून घेतलं. टाके तांदळाएवढे नव्हते, पण सरळ होते असं माझं मत. सुया ओवून रीळ तिच्या उशाशी ठेवलं आणि झोपलो.

सकाळी उठून पाहिलं, तर माझी ओळ उसवून त्या जागी तिची घातलेली, आणि रिळावर एकही सुई उरलेली नव्हती. चहा व्हायच्या आत हाक आली, "अरे, दहा पुरत नाहीत. उद्यापासून पंधरा ओव."