इंग्लंड ते ऐरोली : १९७२ची एमजीबी, आतापर्यंतचं काम

गाडी : एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १७९८ सीसी, क्रोम बंपरवाली, उजव्या हाताचं स्टिअरिंग. मालक नोकरी आटोपून कायमचे ऐरोलीत परतलेत, गाडी मागोमाग आली. सध्या ती गाळ्यात उभी आहे. नोंदणीचा अर्ज गेलाय, तपासणी व्हायची आहे.

परत येताना गाडी आणायचा विचार असेल तर आधी तिचं वय बघा. साधी वापरलेली गाडी उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी असली की आयातीला चालत नाही. दहा वर्षांची लोटस किंवा केटरहॅम म्हणूनच बाद. पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना मात्र २०२५पासून दार उघडलंय, आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकते. पूर्वी १९५०च्या आधीच्याच गाड्या येऊ शकत. गाडी स्वतःच्या वापरासाठी हवी, आणून विकता येत नाही. यात एक खोच आहे : आयातीला उत्पादनाची तारीख धरतात आणि व्हिंटेज नोंदणीला पहिल्या नोंदणीची. डिसेंबरात बनून पुढच्या मार्चात विकली गेलेली गाडी या फटीत सापडते. शोरूमबाहेर वर्षभर पडून राहिलेल्या गाड्याही त्या काळी कमी नव्हत्या.

उत्पादनाची तारीख सिद्ध करायला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचा हेरिटेज दाखला घ्या. कारखान्याच्या नोंदवहीतून तारीख, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि मूळ रंग त्यावर उतरवून मिळतो. व्ही५सी म्हणजे तिकडचं नोंदणीपत्र. त्याचा निर्यातीचा भाग डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या वाहन नोंदणी खात्याला, पाठवायचा आणि उरलेला कागद जिवापाड जपायचा, पहिल्या नोंदणीची तारीख त्यावरच असते.

सगळ्यात जास्त वेळ नंबरांना द्या. या मॉडेलचा चेसिस नंबर जीएचएन५ने सुरू होतो आणि बॉनेटखाली रिव्हेट मारलेल्या पट्टीवर असतो. इंजिन नंबरही ब्लॉकच्या उजव्या बाजूला, अल्टरनेटरच्या वर, अशाच छोट्या पट्टीवर. इथे आरटीओत पेन्सिल प्रिंट काढतात, म्हणजे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. रंगाच्या चार थरांखाली बुजलेल्या पट्टीचा प्रिंट उठत नाही, तेव्हा रंग थिनरने आणि कापडाने काढा. पॉलिश पेपर लावलात तर अक्षरंच जातील आणि खाडाखोडीचा संशय येईल तो वेगळाच. दुसरी अडचण इंजिनाची. पन्नास वर्षांत कधीतरी गोल्ड सीलचं (कारखान्याने नव्याने बांधून दिलेलं) बदली इंजिन बसलेलं असतं आणि नंबर व्ही५सीशी जुळत नाही. नंबराची ती दुरुस्ती गाडी तिकडे असतानाच डीव्हीएलएकडून करून घ्या. इकडे आल्यावर बिल ऑफ एंट्रीवर (कस्टम्सच्या आयातीच्या कागदावर) जो नंबर चढला तोच कायमचा.

गाडी कोणत्या बंदरात उतरणार ते सीएचएकडून, म्हणजे कस्टम्स एजंटाकडून, आधी लेखी घ्या. वापरलेल्या गाड्यांच्या अटींत मुंबई बंदराचं नाव आहे आणि इंग्लंडहून येणारे कंटेनर सर्रास न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरतात. बुकिंग झाल्यावर ही चर्चा काढली तर रोजचं भाडं चढत जातं. डिकीत सुटे भाग कोंबून पाठवायचा मोह आवरा. यादीत नसलेली एक पेटी निघाली की अख्खी तपासणी लांबते. टाकीत पेट्रोल पाव भागाहून कमी, बॅटरी सुटी, आणि गाडी बांधायचे पट्टे मागच्या अ‍ॅक्सलला व पुढच्या क्रॉसमेंबरला. तारांच्या चाकातून पट्टा ओवू देऊ नका, तारा वाकतात.

कराचा हिशोब पोटात गोळा आणणारा आहे. वापरलेली मोटार म्हणून आकारणी झाली तर मूळ सीमाशुल्क ७० टक्के, वर कृषी पायाभूत सुविधा उपकर ६७.५ टक्के, आणि या सगळ्या बेरजेवर ४० टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). भाडं-विमा धरून गाडी १० लाखांची असेल तर कर २३.२५ लाख. घरसामानाच्या सवलतीत मोटारगाडी बसत नाही. तसं सांगणारा एजंट भेटला तर दुसरा गाठा.

नोंदणी फॉर्म २०वर होते, शुल्क २० हजार, मुदत दहा वर्षं, पुढची नोंदणी ५ हजारांत. सोबत विमा आणि बिल ऑफ एंट्री. नंबर राज्याच्या व्हीए मालिकेतला, त्यामुळे पाटीवर ना ठाण्याचा ०४ येतो ना नवी मुंबईचा ४३. गाडी रोजच्या वापराला नाही : रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. पाम बीच रोडवरच्या रविवारच्या फेऱ्या यात कुठे बसतात ते ज्याने त्याने ठरवावं.

आता गाळ्यातलं काम. हिचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सीरिजचं, म्हणजे अ‍ॅम्बॅसेडरच्या १४८९ सीसीचं थोरलं भावंड. ठाण्यात अ‍ॅम्बॅसेडरवर हात बसलेला जुना मिस्त्री मिळाला तर सोडू नका. टॅपेटची फट ०.०१५ इंच, प्लग गॅप ०.०२५ इंच, तेल २०डब्ल्यू-५०, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास.

ई२०साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप बदललेत, इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि आतून सोलतं. नवे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या आर९ प्रतीचे, फ्लोटच्या सुईचं टोक व्हिटॉन रबराचं. या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणून एसयू कार्ब्युरेटरच्या खालचा जेट नट एकेक पैलू खाली फिरवायचा, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखाच. इंजिनाच्या पाण्याचा थर्मोस्टॅट ८२ अंशांचा काढून ७४चा टाकला. घोडबंदरच्या कोंडीत तेवढाच आधार.

फ्यूजबाबत मात्र सावध. गाडीतल्या मूळ, ल्युकास कंपनीच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं ते वितळण्याचं, सतत सोसण्याची क्षमता १७. बाजारातल्या काचेच्या फ्यूजवर सतत सोसण्याचा आकडा असतो. ३५चा बघून ३५चा बसवलात तर फ्यूजआधी वायर जळेल. १५चा घाला. लांबीही किंचित वेगळी असते, क्लिप हलक्या हाताने दाबून घ्या.

टायर १६५/८० आर१४, स्विफ्टवाल्याकडे सहज मिळतात. तारांच्या चाकांना ट्यूब हवीच, त्या अजून यायच्या आहेत. पुढच्या खेपेला ब्रेक सिलिंडर आणि सीटमागच्या दोन ६ व्होल्ट बॅटऱ्यांच्या जागी एक १२ व्होल्टची. घेण्याआधी खोक्याची उंची मोजायची, झाकण पत्र्याचं आहे.