अँड्रोमेडाचा खरा व्हिलन आर्कॉन नव्हताच

मास इफेक्ट अँड्रोमेडा मी आत्तापर्यंत तीनदा पूर्ण खेळलेय आणि तिन्ही वेळा शेवटाला येऊन एकच गोष्ट मनात आली, की या गेमने चुकीच्या माणसाला व्हिलन केलंय. माणूस म्हणजे आर्कॉन, केट नावाच्या परग्रहवासी शत्रूंचा म्होरक्या, पण मुद्दा कळला असेल. २०१७ च्या मार्चमध्ये गेम आला तेव्हा सगळं जग त्या चेहऱ्यांच्या अ‍ॅनिमेशनवर बोलत बसलं, मीम्स काढले, आणि त्या गोंधळात गोष्टीबद्दल कुणी धड बोललंच नाही. मला गोष्टीबद्दलच बोलायचंय. कारण पाया इतका भारी आहे की जीव तुटतो.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. २१८५ मध्ये आपली आकाशगंगा सोडून हजारो लोक क्रायोमध्ये (गोठवून ठेवणाऱ्या पॉडमध्ये) झोपून अँड्रोमेडाकडे निघतात, ६३४ वर्षांचा प्रवास, पोचतात २८१९ मध्ये. माणसांचं जहाज हायपेरियन, त्यात सुमारे २० हजार लोक. टुरियन, असारी, सलारियन या परग्रहवासी जमातींची वेगळी जहाजं, आणि नेक्सस नावाचं मोठं स्टेशन जे सगळ्यांच्या १४ महिने आधी पोचलंय आणि स्कर्ज नावाच्या अंतराळातल्या घातक ऊर्जेच्या जाळ्याला धडकून अर्धं मोडलंय. वरचे बहुतेक अधिकारी मेले, अन्नपाणी संपत आलं, बंड झालं, क्रोगन या लढाऊ जमातीच्या लोकांकडून बंड मोडून घेतलं आणि मग त्यांना दिलेला शब्दच फिरवला, म्हणून ते निघून गेले. सिक्युरिटीची प्रमुख स्लोन केली हाकललेल्या लोकांना घेऊन कडारा ग्रहावर गेली. आपण रायडर म्हणून जागे होतो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं असतं, आपल्याला मिळतात रिकामे कॉरिडॉर आणि उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत बऱ्याच खालून थेट डायरेक्टरच्या खुर्चीत येऊन बसलेला टॅन.

आता सांगा, एवढं सगळं घरातच पेटलेलं असताना बाहेरून एक हाडाळ चेहऱ्याचा आर्कॉन कशाला आणायचा? तो येतो, धमकी देतो, रेमनंट या प्राचीन तंत्रज्ञानाच्या वस्तू गोळा करतो, शेवटी रायडरच्या जुळ्या भावंडाला पळवतो, आणि शेवटच्या लढाईत त्याच्याशी समोरासमोर दोन हातही करता येत नाहीत. केट लोकांचं एक्झाल्टेशन, म्हणजे दुसऱ्या जमातीच्या लोकांना केट बनवणं, मात्र जबरदस्त कल्पना आहे. वोएल्ड ग्रहावर मोशेला, अंगारा या तिथल्या मूळ जमातीच्या शास्त्रज्ञाला, सोडवायला जातो तेव्हा एका अंगाराला डोळ्यासमोर केट करतात, आणि आपल्या सोबतच्या अंगारा जालला कळतं की आयुष्यभर ज्यांना मारत आलो ते आपलेच लोक होते, तेव्हा मी कंट्रोलर खाली ठेवून पाच मिनिटं गप्प बसले होते. ते राहू दे. केट राहू देत, बाहेरचं संकट म्हणून, पाऊस-वादळासारखं. पण व्हिलन आत पाहिजे.

आणि मजा म्हणजे गेमने तो आत पेरून ठेवलाय! रायडर फॅमिली सिक्रेट्स हे मिशन शेवटपर्यंत केलं तर कळतं की या सगळ्या मोहिमेची संस्थापक जिएन गार्सन, जी स्कर्जच्या धडकेत गेली असं सगळे धरून चाललेत, तिचा खून झालाय. या मोहिमेला पैसा पुरवणारा एक बेनिफॅक्टर होता, त्याची तिला भीती वाटत होती. आणि तो कोण, हे गेम सांगतच नाही. पुढे कधीतरी सांगू म्हणून ठेवलं असणार, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहीर झालं की सिंगल प्लेयरसाठी आता काही येणार नाही. संपलं. एवढा मोठा धागा तसाच लोंबकळत राहिला.

तर माझा व्हिलन. बेनिफॅक्टर स्वतः नाही, तो ६०० वर्षांपूर्वीच मागे राहिला. त्याने पाठवलेलं एक माणूस, नेक्ससवर पहिल्या दिवसापासून जागं असलेलं, आणि त्याच्या हातात बंदूक नाही, यादी. कुणाला क्रायोतून उठवायचं त्याची यादी.

हे मला कुठून सुचलं तर गेमच्या मेन्यूमधून. तुम्ही एखादा ग्रह राहण्यालायक केला की पॉइंट मिळतात, लेव्हल वाढली की एक क्रायो पॉड उघडायला मिळतो, आणि तुम्ही निवडता सायन्सवाले उठवायचे, मिलिटरीवाले की व्यापारवाले. बदल्यात काय, थोडे मिनरल, थोडे क्रेडिट, असलंच काहीतरी. मी पहिल्या वेळी खटाखट बटण दाबत गेले. दुसऱ्या वेळी खेळत होते ते २०२१ चा एप्रिल-मे, आणि तेव्हा ते बटण दाबताना बोट थांबलं.

त्या एप्रिलमध्ये मावशीसाठी आम्ही बेड शोधत होतो. मी रात्री दोनला फोन करायचे, पलीकडे एक बाई असायची, अतिशय मऊ आवाज, म्हणायची, "ताई, तुमचं नाव घेतलंय, नंबर लागला की कळवते." दर वेळी तीच, दर वेळी तोच आवाज, आणि मला तिचा राग येत नव्हता कारण तिच्या हातात काय होतं, बेडच नव्हते. तिसऱ्या दिवशी नंबर लागला, मावशी वाचली. पण आमचं नाव वर गेलं तेव्हा कुणाचं तरी खाली गेलं असणार, ते कोण होतं हे मला कधी कळलं नाही, आणि कळणारही नाही. एवढंच सांगायचं होतं त्याबद्दल.

तर माझी यादीवाली तशी आहे. चाळिशी-पंचेचाळिशीची बाई, नेक्ससच्या एका कोपऱ्यातल्या ऑफिसात बसते, टेबलावर जुन्या पृथ्वीवरून आणलेलं एक झाड, जे तिने बंडाच्या काळातही स्वतःच्या वाटणीचं पाणी घालून जगवलंय. टॅन तुच्छतेने बोलतो, वसाहतींचं खातं सांभाळणारी अ‍ॅडिसन वैतागलेली असते, पण ही एकटीच सारा रायडरला विचारते, जेवलीस का गं? हेबिटॅट ७ ग्रहावर साराचे बाबा गेल्यानंतर हे पहिलं माणूस आहे जे असं विचारतं. अर्धा गेम ती आपल्याला आवडलीच पाहिजे. आपण सायन्स म्हटलं की ती सायन्सवाले उठवते, मिलिटरी म्हटलं की मिलिटरी, आपल्याला वाटतं निवड आपली. पण आपण फक्त खातं निवडतो. नावं ती निवडते.

मग हळूहळू कळायला लागतं. ईऑस ग्रहावर आपण जातो तेव्हा आधीच्या दोन वसाहती उजाड पडलेल्या असतात, प्रॉमिस आणि रेझिलियन्स, रिकामे कंटेनर, धूळ, मेलेल्या लोकांचे ऑडिओ लॉग. हे मूळ गेममध्ये आहेच आणि फार सुंदर जमलंय, म्हणून मी त्यातलं काही बदलणार नाही, फक्त एक गोष्ट जोडेन. त्या लॉगमधल्या लोकांचे नोंदणी क्रमांक. पहिल्यांदा कुणी लक्ष देणार नाही. पंधरा तासांनंतर रायडरच्या डोक्यातला एआय सॅम शांतपणे म्हणतो की हे सगळे क्रमांक यादीच्या एकाच भागातले आहेत, असे लोक ज्यांची विचारपूस करणारं कुणी सोबत आलेलं नाही. त्या ग्रहावर रेडिएशन आहे हे माहीत असताना त्यांना आधी उठवलं गेलं. आणि काही नावं आहेत जी कितीही पॉड उघडले तरी येतच नाहीत, ती राखून ठेवलीत, सगळे ग्रह तयार झाल्यावर आयत्या घरात राहायला येणाऱ्या लोकांची. बेनिफॅक्टरची माणसं. गार्सनला हे कळलं होतं आणि ती यादी सगळ्यांसमोर ठेवणार होती.

आता समोरासमोरचा सीन. मूळ गेममध्ये साराच्या आईचं प्रकरण आहेच, एलेन रायडर, जी आजारात गेली असं मुलांना सांगितलंय, पण बाबांनी तिला एलिझाबेथ रायली या खोट्या नावाने हायपेरियनवर झोपवून आणलंय. गेममध्ये हे कळतं, आपण रडतो, आणि पुढे काहीच होत नाही. माझ्या गोष्टीत हेच तिचं हत्यार. आणि ती धमकी देतच नाही. सारा तिच्या ऑफिसात येते, टेबलावर तो क्रमांकांचा कागद आपटते. बाई झाडाचं एक सुकलेलं पान खुडते, हातात चुरते, आणि म्हणते,

"रायली नावाच्या एक बाई आहेत. औषध नसताना उठवलं तर आठवडाभरही काढणार नाहीत. मी सहा वेळा त्यांचं नाव मागे ढकललंय, सारा. कुणी सांगितलं नव्हतं मला. तुझ्यासाठी केलं."

खरंच केलेलं असतं तिने. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की ती खोटं बोलत नाही. तिला साराबद्दल माया आहे, आणि तरीही प्रॉमिसमधली माणसं तिनेच पाठवली, गार्सनलाही तिनेच संपवलं. आर्कॉनला सांगायला असं काही नव्हतंच, त्याला आपल्याकडून रेमनंट चालवायची कला हवी होती, बस. हिला आपल्याकडून समजून घेतलं जायला हवंय, आणि आपण घेतोही, तिथेच घसा दाटतो.

शेवटी मोठी लढाई मला नकोच आहे. रेमनंटचं मुख्य केंद्र मेरिडियन सापडतं, केट मागे हटतात, आणि ही बाई पळून न जाता ऑफिसातच बसून राहते, यादीचा अ‍ॅक्सेस रायडरच्या नावावर करून. मग खेळणाऱ्याने तिचं काय करायचं ते करावं, टॅनकडे द्यावं, कडाराला सोडावं, परत झोपवावं. स्लोन जिवंत ठेवली असेल तर तिला समोर आणावं, बंडात हाकललेल्या लोकांचा हिशोब तिलाच मागू द्यावा. पण त्यानंतर स्क्रीनवर तीच जुनी क्रायोची विंडो उघडते, आता सायन्स-मिलिटरी-व्यापार असे तीन डबे नाहीत, वीस हजार नावं, आणि पॉड एकच.

मी वहीत दोन्ही शेवट लिहून बघितलेत. आईला उठवलं तर काय होतं ते बऱ्यापैकी जमलंय, अ‍ॅडिसन काहीच बोलत नाही, फक्त रांगेतल्या पुढच्या नावाकडे बघते. नाही उठवलं तर मात्र जुळा भाऊ स्कॉट शुद्धीवर आलेला असतो आणि विचारतो, आईचा नंबर कितवा आहे? यावर साराने काय म्हणायचं ते वाक्य मी चार महिने झाले लिहितेय आणि खोडतेय. कुणी खेळलं असेल आणि सुचत असेल तर प्लीज सांगा.