कँडीच्या सिंहासनावर कोणी बसायचं?

श्रीलंकेत, कँडीच्या मगुल मडुवाजवळ, म्हणजे तिथल्या राजांच्या दरबारमंडपाजवळ, आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. त्याआधी रत्नांच्या दुकानात पावणेदोन तास गेले होते. हे सुरुवातीलाच सांगते, कारण तो राग अजून गेलेला नाही. श्रीलंकेला जायचं ठरल्यापासून मी तिथल्या राजांबद्दल मिळेल ते वाचत होते. दोन हजार वर्षांहून जुनी राजपरंपरा ज्या मंडपात एका कागदावर संपली, तिथे पोचल्यावर "फोटो काढा, चला, उशीर होतोय" एवढंच कानावर आलं.

ताई आणि मी, दोघीच गेलो होतो, आठ दिवस. गॉलचा किल्ला, नुवारा एलियाचा चहा, एक अख्खा दिवस समुद्र. सुंदर होतं, पण मला लिहायचंय ते राजांबद्दल.

सुरुवात पोलोन्नारुवाला, जुन्या राजधानीत झाली. भर दुपारी दळदा मळुवात, तिथल्या जुन्या देवळांच्या आवारात शिरताना चपला काढाव्या लागतात. दगड असा तापलेला की पाय टेकवत नाही. तिथेच गलपोथा आहे, दगडी पोथी. ताडपत्राच्या पोथीसारखी घडवलेली, आठेक मीटर लांब आणि सुमारे पंचवीस टन वजनाची शिळा. ती मिहिंतलेहून इथे आणल्याचं तिच्यावरच कोरलंय. कोरून घेणारा राजा निश्शंक मल्ल, राज्य ११८७ ते ११९६. तो कलिंगाचा, म्हणजे बाहेरून आलेला. आणि तोच त्या दगडावर बजावतो की या बेटावर राज्य कलिंग वंशानेच करावं, बौद्ध नसलेल्याला गादीवर बसवू नये, आणि गोवी जातीच्या, म्हणजे शेतकरी जातीच्या माणसाने राजपदाची आस धरू नये.

मी तळपायाची आग विसरून तिथे उभी राहिले. एवढा मोठा दगड एवढ्या लांबून ओढत आणायचा, तो आपला वंश टिकावा म्हणून. तो गेल्यावर त्याचा मुलगा वीरबाहू गादीवर बसला आणि लगेच मारला गेला. मग कोणी तीन महिने, कोणी नऊ महिने. आधीचा राजा पराक्रमबाहू, त्याची विधवा राणी लीलावती तर तीनदा गादीवर आली, दर वेळी कुठल्या ना कुठल्या सेनापतीच्या बळावर.

आई कोण, हा प्रश्न त्या बेटावर फार जुना आहे. पाचव्या शतकातला कश्यप, सिगिरियाच्या खडकावरच्या किल्ल्याचा, धातुसेन राजाचाच मुलगा, पण त्याची आई पट्टराणी नव्हती. हक्काचा वारस धाकटा मोग्गल्लान. कश्यपाने बापाला कैद केलं आणि खजिना कुठे आहे ते विचारलं. धातुसेन त्याला आपण बांधलेल्या काला वेवा तलावावर घेऊन गेला, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाला, हाच माझा खजिना. मग त्याला भिंतीत चिणून मारलं, असं महावंस या जुन्या बखरीच्या पुढच्या भागात, चूलवंसात आहे. काला वेवाच्या पाण्यावर आजही शेती होते. सिगिरियाच्या जिन्यात मला ढकलाढकलीशिवाय काही आठवत नाही, तलावाचा बांध मात्र लख्ख आठवतोय.

आता कँडी. संध्याकाळी मुक्कामी सोडल्यावर ताई म्हणाली, "तुझं तोंड उतरलंय. चल, परत जाऊ." टुकटुक केली, दुसऱ्यांदा तिकीट काढलं आणि मगुल मडुव्यात जाऊन बसलो. शेजारच्या दळदा मालिगाव या देवळात बुद्धाचा दात आहे. तो ज्याच्याकडे, राज्याचा हक्क त्याच्याकडे, असं तिथे शतकानुशतकं मानलं गेलं. आतून संध्याकाळच्या पूजेचे ढोल ऐकू येत होते. मंडप चारी बाजूंनी उघडा, कोरीव लाकडी खांब, वर उतरतं कौलारू छप्पर. सकाळी यातलं काहीच पाहता आलं नव्हतं.

सकाळी गाईड म्हणाला होता, "शेवटचा राजा क्रूर होता. तमिळ होता ना!" ताईने विचारलं, "त्याच्या आधीचे तिघे?" तो म्हणाला, "कीर्ती श्री राजसिंह? त्यांनी तर आमचा धर्म वाचवला." "तेही त्याच घराण्यातले ना?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "हो. पण त्यांच्याशी लोकांचं जमलं."

मला तो प्रामाणिक वाटला. कँडीचे राजे राण्या मदुरेकडून आणत, कारण राजघराणं क्षत्रियच हवं. १७३९ साली नरेंद्रसिंह वारला. त्याला तिथल्याच एका स्त्रीपासून झालेला मुलगा होता, पण सरदारांनी त्याला डावलून राणीच्या भावाला गादी दिली. असं दक्षिण भारतातलं नायक्कर घराणं गादीवर आलं. त्यांतल्या कीर्ती श्रीने १७५३ साली सयामहून भिक्षू आणवून तुटलेली उपसंपदेची, म्हणजे भिक्षूंच्या पूर्ण दीक्षेची परंपरा पुन्हा जोडली. तरीही १७६० साली त्याला मारायचा कट झालाच. परका राजा हवा होता तो सरदारांनाच, कारण आपल्यातला एकजण वर बसलेला बाकीच्यांना खपला नसता. गलपोथाच्या दगडावरचा मजकूर असा सहाशे वर्षं त्यांच्या मनात जिवंत होता.

शेवटचा श्री विक्रम राजसिंह. मूळचा कण्णसामी. १७९८ साली पिलिमतलावे नावाच्या प्रधानाने त्याला गादीवर बसवलं, पोरगा ऐकण्यातला राहील म्हणून. राहिला नाही. १८११ साली प्रधानाचंच डोकं उडालं. पुढचा प्रधान एहेलेपोला इंग्रजांना मिळाला, तेव्हा राजाने त्याच्या बायकामुलांना मारलं. थोरला मुलगा घाबरला आणि धाकटा मद्दुम बंडार स्वतः पुढे झाला, ही गोष्ट कँडीत सगळे सांगतात. ती ऐकताना ताईने माझा हात घट्ट धरला होता. त्या राजाला माफ करा असं मी म्हणणार नाही.

पण २ मार्च १८१५ ला याच मंडपात जो करारनामा वाचला गेला, तो सरदारांचा होता. त्यात राजा पदच्युत झाला, त्याच्या नातलगांना गादीचा हक्क कायमचा नाकारला गेला, आणि राज्य इंग्लंडच्या राजाला दिलं गेलं. परका नको म्हणून त्याहून परका आणला. तीनच वर्षांत बंड झालं. त्यात बंडाचा म्होरक्या केप्पेटिपोला याचं शीर गेलं, आणि राजा व्हायची आशा धरून बसलेला एहेलेपोला मॉरिशसला हद्दपार होऊन १८२९ साली तिथेच वारला.

ढोल थांबल्यावर तळ्याच्या काठाने चालत निघालो. हे तळं १८०७ साली श्री विक्रमानेच भाताची खाचरं बुडवून, वेठबिगारीने बांधून घेतलं. सरदारांना ते मुळीच रुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी काठावर सगळं गाव होतं, शाळेची मुलं, म्हातारी जोडपी, माशांना पाव घालणाऱ्या बायका.

कोलंबोच्या संग्रहालयात शेवटच्या दिवशी ते सिंहासन पाहिलं. १६९३ साली डचांनी भेट दिलेलं, सोन्याने मढवलेलं, हातांशी सिंह. इंग्रजांनी ते नेलं आणि १९३४ साली परत केलं. काचेपुढे फक्त आम्ही दोघीच होतो.

राजाला मात्र वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तिथेच तो १८३२ साली गेला. बाबांच्या उपचारांसाठी मी वेल्लोरला दोनदा राहिलेय. तो किल्ला मला ठाऊक होता तो मराठ्यांनी १६७८ साली जिंकलेला म्हणून. एका संध्याकाळी मी खंदकाच्या कडेने पूर्ण चक्कर मारली होती. पालार नदीकाठी या राजाची समाधी आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. विमानात ताईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "डिसेंबरमध्ये जाऊ. बाबांनाही घेऊन."