पिकअपचे पाटे परत बसवताना यू-बोल्ट कसे आवळावेत

पिकअपचा मागचा पाटा (लीफ स्प्रिंग) बदलून आणला की दोन-तीन महिन्यांत ठरलेल्या तक्रारी येतात: गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यात मागून 'कट्ट' आवाज येतो, मागचे टायर एका कडेने खाल्ले जातात. दोष पाट्याचा, असं सगळे धरून चालतात. बहुतेक वेळा पाटा ठणठणीत असतो आणि तो धरून ठेवणारे बोल्ट नीट आवळलेले नसतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू, की पाटा सेंटर बोल्टने धरलेला असतो. बोलेरो पिकअप असो की योद्धा, मागे हाउजिंगला (ज्यात मागच्या चाकांचा एक्सल असतो त्या लोखंडी नळीला) पाटा धरून ठेवतात ते यू-बोल्ट, म्हणजे U आकाराचे बोल्ट. मधला सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो. त्याचं डोकं हाउजिंगवरच्या बैठकीच्या भोकात बसतं, तेवढंच. दीड टन कांदा भरून गाडी ब्रेक मारते तेव्हा पाटा आणि हाउजिंग एकमेकांवरून सरकू नयेत म्हणून लागतं घर्षण, आणि ते यू-बोल्टच्या दाबातून येतं. यू-बोल्ट ढिले पडले की सगळा झटका बिचाऱ्या सेंटर बोल्टवर जातो. आठ-दहा मिमीचा बोल्ट तो, कापलाच जाणार. मग हाउजिंग मागेपुढे सरकतं आणि गाडी तिरकी चालू लागते. मागून बघणाऱ्याला ते दिसतं, चालवणाऱ्याला फक्त स्टीअरिंग वाकडं वाटतं.

म्हणून बोल्ट किती जाड आहे यापेक्षा तो किती ताणला गेलाय हे महत्त्वाचं. नट फिरवताना लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग आटे आणि नटाखालच्या घर्षणात जातो, जेमतेम दहा टक्के बोल्ट ताणायला उरतो. आट्यात माती, गंज किंवा रंग असेल तर हा उरलेला वाटाही घटतो. पाना घट्ट लागतो, हाताला 'आवळलं' असं वाटतं, पण खाली दाब आलेलाच नसतो.

जुने यू-बोल्ट परत वापरू नका. ते एकदा ताणले गेलेले असतात, आटे ओढले गेलेले असतात, आणि गंजलेला नट सोडवताना निम्मे तर पिळवटून निघतात. ग्राइंडरने कापणं सोपं पडतं, पण त्याआधी ब्रेक पाइप, हँडब्रेकची केबल आणि शॉकअपचे रबर ओल्या गोणपाटाने झाका. नवीन आणताना चार मापं घेऊन जा: सळीची जाडी, दोन पायांमधली आतली रुंदी, पायाची लांबी आणि वळणाचा आकार (गोल की चौकोनी). लांबीत गफलत होते ती जादा पाटा घातलेल्या गाड्यांत. मालक लोडसाठी एक पाटा वाढवतो आणि यू-बोल्ट मात्र जुन्याच लांबीचे लावतो. नट बसतो, पण पुरे आटे धरत नाही. आवळून झाल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत.

आता काम. सपाट जागा, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चॅसीखाली दोन घोड्या (जॅक स्टँड). फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. हाउजिंगखाली वेगळा जॅक लागतो, कारण त्याच्यानेच ते वरखाली करून सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसवायचं असतं. ब्रेकचा रबरी होज ताणला जात नाही ना, हे बघत राहा. सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाट्यांना दोन सी-क्लॅम्प लावा. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, बोल्ट निघाला की ते उघडतात आणि मध्ये बोट असेल तर बोटाची काही खैर नाही.

बैठक आणि खालची प्लेट (जिच्यातून यू-बोल्टचे पाय बाहेर येतात) वायर ब्रशने चकचकीत करा. इथे घाई नडते. रंगाचा थर किंवा चिखलाचा पापुद्रा आवळताना कडक वाटतो, पण पन्नास-शंभर किलोमीटर धक्के खाल्ले की दबून पातळ होतो. तेवढ्यानेही बोल्टचा ताण उतरतो, नट एक आटाही फिरलेला नसताना. नट फिरलेला नाही म्हणजे घट्ट आहे, हा निष्कर्ष त्यामुळेच चुकीचा.

चारही नट आधी हाताने बसवा आणि दोन्ही बाजूंचे पाय सारखे बाहेर आलेत का बघा. मग आळीपाळीने, तिरक्या कोपऱ्यांनी: पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, मागचा डावा. एकच नट पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर प्लेट तिरकी बसते आणि उरलेले नट कितीही आवळले तरी ती सरळ होत नाही. तीन-चार फेऱ्यांत चढवा, शेवटची फेरी टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना). इम्पॅक्ट गनने शेवट करू नका. तिचा जोर हवेच्या दाबावर आणि गनच्या वयावर ठरतो.

किती टॉर्क? तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडाच खरा. तो हाताशी नसेल तर अंदाजासाठी: ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे बोल्टची ताकद), कोरड्या स्वच्छ जाड आट्यांच्या बोल्टला एम १० साठी (म्हणजे १० मिमी जाडीच्या) सुमारे ५०, एम १२ ला ८५, एम १४ ला १३५ आणि एम १६ ला २१० न्यूटन-मीटर. १०.९ ग्रेडला याच्या साधारण दीडपट. ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. यू-बोल्टला डोकंच नसतं, म्हणून त्याचा ग्रेड दुकानातून विचारून घ्या. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावलं असेल तर हेच आकडे वापरू नका. घर्षण घटतं, त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, आणि १३५ वर थांबायच्या आधीच तो लांबायला लागू शकतो. नट फिरतोय पण पाना जड होत नाहीये, असं जाणवलं तर तो बोल्ट गेला. काढा आणि फेका.

स्प्रिंग वॉशरवर विसंबू नका. चांगल्या ग्रेडच्या बोल्टच्या पूर्ण ताणाच्या कितीतरी आधी तो सपाट होतो, मग साध्या वॉशरसारखाच वागतो. नट ढिले पडतात ते मुख्यतः आडव्या हादऱ्याने, म्हणजे जोड सरकल्याने. गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. जोड सरकूच नये इतका दाब, हाच खरा उपाय. कडक सपाट वॉशर आणि उंच नट लावा. शॉकअपच्या बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) असेल तर तो दरवेळी नवीनच घ्या, आणि सायलेन्सरच्या पाइपाजवळ टाळा, नायलॉनला उष्णता सोसत नाही. निळं लॉकटाइट (आटे चिकटवणारा द्राव) लावायचंच तर आटे आधी तेलमुक्त करा. पुरतं वाळायला चोवीस तास लागतात, लगेच लोड टाकू नका.

डोळ्यातल्या (पाट्याच्या टोकाला वळवलेल्या कडीतल्या) बोल्टची आणि शॅकलची (पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याची) गोष्ट वेगळी. तिथे रबरी बुश आहे. चाकं हवेत लटकलेली असताना ते बोल्ट पूर्ण आवळले, तर बुशची आतली नळी त्याच स्थितीत जखडते. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून हे नट हाताने फिरतील इतके ढिले ठेवा, चाकं लावा, गाडी जमिनीवर उतरवा, हौद्यावर उभं राहून चार-पाच वेळा दाबून हलवा, मगच आवळा. शॉकअपच्या खालच्या बोल्टलाही हाच नियम. बोल्टच्या आट्यांशिवायच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा पातळ हात फिरवा, पण आट्यांना नको. कोकणात खाऱ्या हवेत हा बोल्ट नळीत गंजून इतका घट्ट बसतो की पुढच्या वेळी कापूनच काढावा लागतो, आणि त्यात दोन मिनिटांचं काम अर्धा दिवस खातं.

सगळं झालं की टेप घ्या. पुढच्या डोळ्याच्या बोल्टपासून हाउजिंगपर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या बाजूला मोजा. फरक आला तर एका बाजूचं सेंटर बोल्टचं डोकं भोकात न बसता काठावर चढलंय. आवळलेलं सोडा, परत बसवा. तसंच चालवलं तर सेंटर बोल्ट पुन्हा कापला जाईल.

नट आणि प्लेटवरून पिवळ्या रंगाची एक रेघ मारा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर, आणि मग पाचशेच्या आसपास, चारही नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. शक्यतो गाडी भरलेली असताना, कारण भरल्यावर पाटे चपटे होतात आणि बसतात. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. रेघ जुळलेली असली तरी पाना लावाच. आणि प्लेटच्या कडेने तांबूस पूड गळालेली दिसली, अगदी विटेच्या चुऱ्यासारखी, तर तो नुसता गंज नाही. दोन धातू एकमेकांवर घासल्याची ती खूण. तो नट तुम्हाला हाताला घट्ट लागेल, तरीही.