बोगमाळोची एचटी-२ आणि उदगीरचे मामा

गोव्यात दाबोळी विमानतळाच्या मागच्या अंगानं बोगमाळो बीचकडे एक रस्ता जातो, त्या रस्त्यावर नेव्हीचं एव्हिएशन म्युझियम आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून सुसाट बीचवर जातात. आम्ही उलटं केलं, दिवाळीनंतर पुण्याहून आंबोली घाटाने गोव्याला गेलो ते मुळात या म्युझियमसाठीच, कारण माझे मामा एअरफोर्समध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते आणि ज्या विमानावर त्यांनी नोकरीची पहिली वर्षं काढली ते एचटी-२ इथे उभं आहे असं मी वाचलं होतं. मामा उदगीरचे. पोस्टिंग बिदरला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावरच, तिथे तेव्हा पोरांना विमान उडवण्याचं पहिलं शिक्षण द्यायचं स्कूल होतं आणि सगळं शिक्षण या एचटी-२ वर.

वाटेत कोल्हापूरला जेवायला थांबलो तेव्हाच विषय निघाला होता. एचटी-२ हे भारतात डिझाइन झालेलं पहिलं ट्रेनर विमान, आणि ते डिझाइन करणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचे! १९०८ चा जन्म, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट, हे प्रांटल म्हणजे ज्यांच्याशिवाय एरोडायनॅमिक्सचं एकही पुस्तक पूर्ण होत नाही असा माणूस. परत आल्यावर घाटगे बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले, तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिक्स शिकवलं, आणि देश स्वतंत्र होऊन चार वर्षं होतायत तोवर ५ ऑगस्ट १९५१ ला त्यांचं एचटी-२ आकाशात गेलं, कॅप्टन जमशेद मुन्शी चालवत होते. नंतर पुष्पक, कृषक आणि किरण या जेट ट्रेनरची सुरुवातही त्यांच्याच टीमची. १९६५ ला पद्मश्री. कोल्हापुरात मी इतक्या वेळा गेले पण हे नाव मला तिथे कुणी कधी सांगितलं नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याइतकाच हाही कोल्हापूरचा अभिमान असायला हवा.

म्युझियममध्ये शिरल्यावर पहिलं लक्ष जातं ते सुपर कॉन्स्टेलेशनकडे, साहजिकच आहे, चार इंजिनं, शेपटीला तीन उभे पंख असं ते अवाढव्य विमान, आधी एअर इंडियाचं होतं, मग एअरफोर्सकडे, मग समुद्रावर नजर ठेवायला नेव्हीकडे. सगळे फोटो तिथेच काढतात. सी हॅरियर आहे, सी हॉक आहे, ही दोन्ही लढाऊ जेट, पाणबुड्या शोधणारं अलिझे आहे. त्यांच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत म्हणून मी लिहीत नाही.

मामा मात्र सरळ एचटी-२ कडे गेले. लहानसं विमान आहे हो, पुढे-मागे दोन सीटा, खालची चाकं आत न जाणारी, शेपटीखाली एक छोटं चाक. विद्यार्थी एका सीटवर, इन्स्ट्रक्टर दुसऱ्या, आणि कंट्रोल दोघांकडेही. मामा आधी लांबून एक पूर्ण चक्कर मारून आले, डावीकडून सुरुवात करून, पंखाच्या टोकाकडून शेपटीकडे आणि परत नाकाकडे. मी विचारलं असं का, तर म्हणाले, "डी.आय. अशीच करायची असते. उलटं फिरलीस तर काहीतरी सुटतं." डी.आय. म्हणजे डेली इन्स्पेक्शन. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पायांना तो क्रम पाठ आहे.

मग त्यांनी मला इंजिनाचं सांगितलं ते मला फार आवडलं. एचटी-२ चं सायरस मेजर इंजिन चार सिलिंडरचं, १५५ हॉर्सपॉवरचं, पण उलटं बसवलेलं, म्हणजे सिलिंडर खाली आणि क्रँकशाफ्ट, म्हणजे पंखा फिरवणारा दांडा, वर. त्यामुळे पायलटला समोरचं जरा बरं दिसतं आणि पंख्याला जमिनीपासून जागा मिळते, पण रात्रभर विमान उभं राहिलं की ऑइल झिरपून खालच्या सिलिंडरमध्ये साठतं, आणि तसंच स्टार्ट केलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहाटे स्विचेस ऑफ आहेत ना हे दोनदा बघून प्रोपेलर हातानं हळूहळू फिरवायचा, कुठे अडतोय का ते हाताला कळतं. बिदरच्या थंडीत पहाटे ओळीनं उभी असलेली विमानं आणि एकेकाचा पंखा फिरवत जाणारी पोरं, हे मामा सांगत होते तेव्हा त्यांचा हात आपोआप तसा फिरत होता. पुढे काही विमानांना लायकोमिंग इंजिन बसवलं, त्याचे सिलिंडर आडवे, मग ही भानगड संपली.

आणि शेपटीचं चाक! ज्यांनी पुढच्या चाकाची विमानं पाहिलीत त्यांना कळणार नाही, पण शेपटीखाली चाक असलेलं विमान उतरताना आडवा वारा आला आणि पोरानं रडरच्या, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणाऱ्या, पेडलवर पाय वेळेत मारला नाही तर विमान जमिनीवर गर्रकन फिरतं, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. पंखाचं टोक घासतं, चाकाचा पाय वाकतो. पोराला काही होत नाही, फक्त इन्स्ट्रक्टर ओरडतो, पण फिटरची रात्र हँगरमध्ये जाते. मामा म्हणाले, "ते पोर दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आमच्याकडे यायचं. तोंड एवढंसं झालेलं. आम्ही म्हणायचो साहेब, होतं, परत जा." यातली काही पोरं पुढे मिगवर गेली. त्यांचे फोटो भिंतींवर लागतात ते लढाऊ विमानाच्या शिडीवर उभे राहिलेले, पण उडायला ते शिकले या छोट्या विमानावर, आणि त्याच्यामागे असे हात होते.

साधारण १७० एचटी-२ बनली. घाना स्वतंत्र झाल्यावर १९५९ ला तिथलं हवाई दल उभं राहिलं तेव्हा सुरुवातीची विमानं म्हणून १२ एचटी-२ आपण त्यांना दिली, म्हणजे तिथल्या पहिल्या पायलटांचं शिक्षणही हसूरच्या माणसाच्या विमानावर झालं. आपल्याकडे नेव्हीनं कोचीला आयएनएस गरुडवर हे वापरलं, म्हणून ते या म्युझियममध्ये आहे. ऐंशीच्या दशकात त्याच्या जागी एचपीटी-३२ दीपक आलं. मामांनी दीपकवरही काम केलं पण त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. हवेत इंजिन बंद पडायच्या तक्रारी संपल्याच नाहीत, १७ अपघातांत १९ पायलट गेले आणि २००९ ला ते विमान जमिनीवरच थांबवलं. जुनी ट्रेनर विमानं जपायची म्हणजे फक्त गोड आठवणी जपायच्या असं नाही, हेही त्यातच येतं, आणि दीपक कुठे ठेवलं असेल तर त्याच्या पाटीवर हे स्पष्ट लिहिलेलं असावं असं मला वाटतं.

आता व्हॅम्पायर. हे दोन शेपट्यांचं जेट ट्रेनर, टी-५५, यात विद्यार्थी आणि इन्स्ट्रक्टर शेजारी-शेजारी बसतात, म्हणजे पोराचा हात कुठे चाललाय ते इन्स्ट्रक्टरला सरळ दिसतं. नेव्हीचे पायलट यावर जेट शिकून मग विक्रांतवरच्या सी हॉककडे गेले. पण मला जे माहीतच नव्हतं ते हे की या जेटचा पुढचा भाग, जिथे माणसं बसतात तो, लाकडाचा आहे! दोन बाजूंना प्लायवूड आणि मध्ये बाल्सा, सगळं गोंदानं चिकटवलेलं, दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो विमानाची पद्धत. पंख आणि मागचे दोन दांडे धातूचे. आता विचार करा, गोव्याचा चार महिन्यांचा पाऊस, समुद्राची खारी हवा, मग कडक ऊन, आणि आत प्लायवूड. पाणी एकदा थरांमध्ये गेलं की थर सुटायला लागतात आणि बाहेरून रंग छान दिसतो. म्हणून अशी विमानं समुद्राकाठी टिकवून ठेवणं हे किती कष्टाचं काम आहे हे कळलं की आदर वाटायला लागतो.

धातूचंही सोपं नाही. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट असतो, दोन वेगळे धातू आणि त्यात खारट ओल आली की ॲल्युमिनियम पांढरं पडून भुसभुशीत होतं. म्हणून साध्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं, पोटाखालची पाणी जायची बारीक भोकं मोकळी ठेवायची, हवा आत जायच्या तोंडांवर झाकणं लावायची नाहीतर पाखरं घरटी करतात, त्यांची विष्ठा रंग आणि धातू दोन्ही खाते. वजन टायरवर न ठेवता स्टँडवर ठेवायचं. काचेवर, म्हणजे कॅनॉपीवर, कापड घालायचं, उन्हानं तिला बारीक चिरा जातात. यातल्या कशालाच फार मोठा खर्च नाही, माणूस लागतो जो दर आठवड्याला न चुकता जाईल. आपल्या राज्यातल्या एका गावच्या चौकात खांबावर चढवलेलं जेट मी लहानपणापासून बघत आलेय, त्याची कॅनॉपी फुटलीय आणि आत कबुतरं राहतात, त्याचं नाव-गाव सांगणारी पाटीसुद्धा नाही. उद्घाटनाला सगळे असतात, धुवायला कुणी नसतं.

मामांचा सगळ्यात जास्त जीव अडकला होता रंगात. जुन्या विमानाच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, इथे पाय ठेवू नका, इथे जॅक लावा, टायरमध्ये हवा इतकी, हे सगळं स्टेन्सिल. पुन्हा रंगवताना घासलं की ते कायमचं जातं आणि वर नवीन चकचकीत रंग येतो, विमान सुंदर दिसतं पण बोलायचं बंद होतं. त्यांचं म्हणणं असं की घासण्याआधी प्रत्येक इंचाचा फोटो काढा, मापं घ्या, मग खुशाल रंगवा. मला हे शंभर टक्के पटतं.

तिथे ह्यूज ३०० नावाचं चिमुकलं हेलिकॉप्टरही आहे, नेव्हीच्या हेलिकॉप्टर पायलटांनी त्यावर धडे घेतले. आणि फायरफ्लाय, जे मागे दोरीला कापडी निशाण बांधून उडायचं आणि खाली जहाजावरचे तोफची त्या निशाणावर नेम धरायचा सराव करायचे (पायलटच्या हिमतीचा विचार करा जरा). त्याच्या जवळपासच सीलँड, पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं, १९५३ साली नेव्हीकडे आलेलं पहिलं विमान. जगात एकूण २५ बनली होती, त्यातली १० आपण घेतली, त्यामुळे इथे जपलेलं हे एक किती मोलाचं आहे बघा.

उडत्या अवस्थेत जपणं हा वेगळा मार्ग. एअरफोर्सनं एक टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ च्या एअरफोर्स डेला हिंडनला ते उडवलं, एचटी-२ च्या आधी पायलट त्या दुपंखी विमानावर शिकत होते. तसं एचटी-२ पण उडताना बघायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे. मामांना विचारलं तर ते म्हणाले की विमान मिळेल, इंजिनही कुठेतरी मिळेल, पण त्यावर काम केलेला माणूस मिळायला हवा, मॅन्युअलमध्ये सगळं नसतं.

म्हणून गोव्याहून आल्यापासून आम्ही ते मॅन्युअलमध्ये नसलेलं लिहून काढतोय. मी फोनवर रेकॉर्ड करते, मग टाइप करून मामांना प्रिंट पाठवते, ते लाल पेनानं दुरुस्त्या करून परत पाठवतात. ब्रेकची केबल कुठे आधी झिजते, कॅनॉपीची पट्टी अडकली तर काय करायचं, कुठल्या रिव्हेटवर नखानं वाजवून बघायचं, असं सगळं. एअरफ्रेमचा भाग बराचसा झालाय. इलेक्ट्रिकलचं मामांना फारसं येत नाही, पण त्यांच्यासोबत बिदरला असलेले एक इलेक्ट्रिशियन काका नांदेडला असतात, त्यांचा नंबर मिळालाय, ते म्हणालेत या, जुनी वहीपण आहे माझ्याकडे.